मॉनिटरची डावी बाजू

आमच्या बीबी गावचा रवी दिवसभर काळी-पिवळी जीप चालवतो आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर बंदूक घेऊन लढाईला बसतो. वय छत्तीस, पण मी त्याला सुभेदार म्हटलं की गडी लाजतो. अलीकडं सुभेदार रोज हरायला लागले. खापर जुन्या मॉनिटरवर फुटलं आणि बायकोला, महामायाला घेऊन स्वारी नवा मॉनिटर घ्यायला मेहकरला गेली. पुढचं मला तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या गोपालनंच सांगितलं. अशा बातम्या माझ्याकडं आपोआप येतात.

गोपालनं मोठा मॉनिटर लावून गेम सुरू केला. डावीकडून शत्रू आला, रवी मेला.

"याच्यात डाव्या बाजूचं दिसूनच नाही राह्यलं," रवी म्हणाला.

दुसरा लावला, तिसरा लावला. तिन्हींवर तेच.

"भाऊ, तीन कंपन्यांनी तुमच्याशीच वैर धरलं का?" गोपाल हसला.

महामाया हसली नाही. तिनं हळूच रवीच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला हात हलवला. त्याची नजर समोरच. हात गालाला लागला तेव्हा तो दचकला.

"कवापासून दिसत नाही हो इकडून?"

"मॉनिटरच खराब हाये."

"मंगळवारी दुसरबीडच्या रस्त्यावर ती मोटारसायकल आंगावर आली, तेबी डावीकडूनच ना? जीपमंदी बारा माणसं होते."

महामायानं हात पुढं केला.

"जीपची चावी द्या. आधी डॉक्टरले डोळे दाखवू."

"अन् जीप कोन चालवीन? खाऊ काय?"

पुढं केलेला हात महामायानं मागं घेतला नाही, आणि शेवटी रवीनं चावी दिली.