आवक क्रमांक सहाशे एक्केचाळीस

व्यंकटराव गाईला घाबरायचे. पशुसंवर्धन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस गाईला घाबरतो, हे सांगून कुणाला पटत नाही. पण औरंगपुऱ्यातल्या आमच्या कार्यालयात ते आवक-जावक लिपिक होते आणि तिथं गाय फक्त कागदावर यायची. उस्मानपुऱ्याहून सायकलवर येताना रस्त्यात गाय बसलेली दिसली, की हे उतरून पलीकडच्या गल्लीनं वळसा घालायचे.

त्यांच्या टेबलावरचा कागद कधी हरवला नाही आणि कधी वेळेत पुढंही सरकला नाही. "सही बाकी आहे, उद्या या," हे ते इतक्या मायेनं म्हणायचे, की समोरचा आभार मानून परत जायचा. मी त्याच खात्यात नवीन पशुवैद्य होते आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. लस थंड ठेवायच्या पेटीसाठी केलेला माझा अर्ज त्यांनी सात महिने जिवापाड जपला होता.

दोन हजार तेराच्या दुष्काळात लासूर स्टेशनजवळ चारा छावणी उघडली आणि आम्हा दोघांची तिथं नेमणूक झाली. जनावरांची तब्येत माझ्याकडं, फाटक आणि नोंदवही त्यांच्याकडं. वहीत रंग, शिंगं, दात असे रकाने होते. दातांवरून जनावराचं वय कळतं, पण त्यासाठी तोंड उघडून बघावं लागतं. व्यंकटरावांनी प्रत्येक जनावरापुढं दातांच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: 'आहेत'.

मला धास्ती होती ती लाळ्या-खुरकुताची. हा विषाणू आपल्याकडं पाहुणा म्हणून येत नाही, तो घरजावई आहे. आत शिरला की जिभेला फोड, खुरांना जखमा, जनावर ना खातं ना चालतं. इंग्लंडात हा रोग आला तेव्हा त्यांनी लाखो जनावरं मारून जाळली. डेन्मार्कात नवं जनावर कळपात सोडायच्या आधी वेगळं ठेवतात, असं मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्याकडं मारायची सोय नाही आणि थांबायची सवय नाही. छावणीतल्या जनावरांना लस टोचली होती, पण तिचा जोर यायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस बाहेरचा रोग आत येऊ द्यायचा नव्हता.

मी हुकूम काढला: नवं जनावर चौदा दिवस बाहेरच्या कुंपणात. दोन दिवस मी स्वतः फाटकावर उभी राहिले. "ओ बाई, उपाशी जनावराला काय तारीख देता का?" म्हणत लोक मला ढकलून आत गेले. शेवटी मी नाक मुठीत धरून व्यंकटरावांकडं गेले.

"लेखी द्या," ते म्हणाले.

लेखी दिल्यावर एक शेपूटही आत गेलं नाही. त्यांनी कुणाला नाही म्हटलंच नाही. सातबाऱ्याची प्रत, तलाठ्याचा दाखला, दाखल्यावरचा पुसट शिक्का, एकेक त्रुटी काढत चौदा दिवस अलगद निघून जायचे. बाहेरच्या कुंपणावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली: 'प्रलंबित'. इतके दिवस ज्या खोडीला मी शिव्या घातल्या, ती अशी कामाला आली.

कडूबाई नावाची एक बाई एकुलती एक तांबडी गाय घेऊन आली. ती तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "भाऊसाहेब, मह्या गाईला फाशी दिली असती तर लवकर सुटली असती!"

व्यंकटराव ऐकून घ्यायचे. मात्र रोज सकाळी गाईच्या वाट्याचा चारा आणि बादलीभर पाणी ते स्वतः न्यायचे आणि सहा हात लांब ठेवून पळ काढायचे. कडूबाई पदर तोंडाला लावून हसायची. चौदा दिवसांनी तांबडी आत गेली, आवक क्रमांक सहाशे अठरा.

मग तात्यासाहेब आले. शहराच्या कडेला त्यांचा मोठा गोठा होता. आता तिथं रो-हाऊसचा फलक लागला होता. उरलेल्या बावीस संकरित गाई त्यांनी दोन टेम्पोंतून आणल्या. त्यातल्या दोघी आठवड्यापूर्वीच बाजारातून घेतलेल्या, आणि लस एकीलाही नव्हती, कारण टोचली की दोन दिवस दूध कमी होतं. मी तपासल्या. दिसायला ठणठणीत होत्या. बावीसही जणी 'प्रलंबित'मध्ये गेल्या, आवक क्रमांक सहाशे एकोणीस ते सहाशे चाळीस.

तात्यासाहेब दुसऱ्याच दिवशी वरून चिठ्ठी घेऊन आले. व्यंकटरावांनी ती दोनदा वाचली. "यात बावीस म्हशी लिहिलंय. समोर गाई दिसतात. म्हशी कुठं आहेत?"

"अहो, टायपिंगची चूक आहे ती!"

"मग दुरुस्ती करून आणा. उद्या या."

तिसऱ्या दिवशी दुरुस्त चिठ्ठी आली. शिक्का ठसठशीत, तारीख बरोबर, खाली 'तातडीने'. व्यंकटरावांनी ती उलटूनही पाहिली. मागं काहीच नव्हतं. आत सहाशे अठरा जनावरं होती आणि नंतर आत आलेल्यांच्या लशीला अजून अकरा दिवस हवे होते.

"उघडा फाटक. नाय तर गडचिरोलीला बदली करतो," तात्यासाहेब म्हणाले. व्यंकटरावांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. ते माझ्याकडं बघायला लागले. वरच्या चिठ्ठीपुढं माझा हुकूम चालणार नव्हता.

त्यांनी वही उघडली. "दातांचा रकाना रिकामा आहे," ते म्हणाले.

"लिहा की 'आहेत'! बाकी सहाशे जनावरांचं तेच तर लिवलंय!"

"ते माझं चुकलं. दुरुस्ती तुमच्यापासून सुरू."

आणि व्यंकटराव 'प्रलंबित'च्या कुंपणात शिरले. मी फाटकावरून बघत होते. तात्यासाहेबांच्या गड्यानं, फकिरानं, पहिल्या गाईची वेसण धरली. व्यंकटरावांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटत गाईच्या तोंडात हात घातला. दात मोजून त्यांनी आकडा मोठ्यानं सांगितला. दुसरी गाय. तिसरी. प्रत्येक गाईला ते इतका वेळ लावत होते, की कार्यालयातली फाईलसुद्धा लाजली असती. सातव्या गाईचं तोंड उघडलं आणि ते थांबले.

"मॅडम, दातांबद्दल नाही," ते म्हणाले. "जिभेबद्दल विचारतो. जिभेवर पाण्याचे फोड असतात का?"

मी धावले. टपोरे फोड होते. संध्याकाळपर्यंत नऊ गाईंच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. तात्यासाहेबांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि पहिल्यांदाच खालच्या आवाजात विचारलं, "वाचतील का ओ?" पुढं वाचल्याही, तीन आठवडे तोंडं धुऊन आणि मऊ आंबवण चारून. आतल्या सहाशे अठरांपैकी एकीलाही काही झालं नाही.

पण त्या संध्याकाळी व्यंकटराव फाटकातून आत यायला तयार होईनात. मी म्हटलं, "सोड्याच्या पाण्यानं हात-पाय धुवा, कपडे बदला, चार-पाच दिवस आतल्या जनावरांजवळ जाऊ नका. पुरे."

"आजारी जनावराला हात लावलाय. चौदा दिवस. तुमचाच हुकूम आहे, लेखी आहे." घरी फोन करून त्यांनी मीनाक्षीवहिनींना कळवलं. वहिनी म्हणाल्या, "बरं. मी तेवढ्यात माहेरी जाऊन येते."

मग त्यांनी वही कुंपणाच्या तारेवरून माझ्याकडं सरकवली. "स्वतःची नोंद स्वतः करता येत नाही. तुम्ही लिहा."

मी लिहिलं: आवक क्रमांक सहाशे एक्केचाळीस. रंग गव्हाळ. शिंगं नाहीत. दातांशी आले आणि थांबले. व्यंकटरावांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. मी मोजले. सत्तावीस भरले. या माणसाला मी दोन वर्षं कामचुकार म्हणत आले, त्याची मला तेव्हा फार लाज वाटली.

सकाळी कडूबाई भाकरी, ठेचा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. कुंपणापासून बरोबर सहा हातांवर सगळं ठेवलं आणि पदर तोंडाला लावून चार पावलं मागं सरली.

"भाऊसाहेब, कवा सुटणार ओ तुमी?"

व्यंकटराव भाकरीकडं बघत म्हणाले, "सही बाकी आहे, कडूबाई. उद्या या."