शॉवर काढला त्या दिवशी

छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या बायकोचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. अंघोळीला डाव्या हातानं तांब्या घ्यायची, तर निम्मं पाणी भिंतीवर जायचं. मदतीला गेलो की म्हणायची, "जावा तुमी, मी काय ल्हान हाय का?" म्हणून वारूळवाडीच्या आमच्या घरात मी शॉवर बसवला. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढलेला, तेव्हा पान्हा धरायला दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता.

पण पाण्याचं काम वेगळं. पहिल्या दिवशी शॉवर नुसता ठिबकला. टाकी फार खाली होती. लोखंडी स्टँड करून ती वर चढवली. मग जोड गळायला लागला, कारण आट्यांवरची टेप मीच उलटी गुंडाळली होती. ती उंबऱ्यात उभी राहून हसत होती. "डेपोतल्या गाड्या बऱ्या चालत व्हत्या म्हनायच्या तुमच्या!"

खरा त्रास बोअरच्या पाण्याचा. महिना-दीड महिन्यात शॉवरची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजायची. उरलेल्या चार-दोन भोकांतून सुयांसारख्या धारा यायच्या आणि नेमक्या तिच्या व्रणावर बसायच्या. मग मी शॉवर काढून व्हिनेगरमध्ये बुडवायचो, जुन्या ब्रशनं घासायचो, टाचणीनं एकेक भोक मोकळं करायचो. साफ केलेला शॉवर भरभरून वाहायला लागला की ती अर्धा अर्धा तास आत असायची.

"अगं, टाकी संपंल," मी बाहेरून ओरडायचो.

"संपू द्या. मोटर लावा. मला लई बरं वाटतं."

ते ऐकून मला बरं वाटायचं. तिच्यासाठी काहीतरी नीट केलं, असं वाटायचं.

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. आमची एकुलती एक मुलगी पहिलटकरीण, सातवा सरत आलेला; आठवड्याभरात ती माहेरी येणार होती. शॉवर पुन्हा बुजला होता. "अहो, त्याचा आवाजच येईना आता. करा की नीट," असं बायको दोन-तीनदा म्हणाली. रविवारी सकाळी मी तो काढला. "आज बादलीनं घे," तिला म्हणालो आणि घासायला मागच्या पायरीवर जाऊन बसलो. मोरीची खिडकी माझ्या डोक्यावरच होती.

आधी तांब्याचा आवाज आला. मग तो थांबला आणि मला हुंदका ऐकू आला. तोंडात कापड धरल्यासारखा, दाबलेला. परत एक तांब्या, परत तेच. हातातला ब्रश तसाच राहिला.

ती बाहेर आली तेव्हा मी दारात उभा होतो. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"ऐकलं व्हय तुमी?"

"कधीपासनं चाललंय हे?"

"रोजचंच हाय. शॉवर असला म्हंजी भाईर ऐकू जात नाय." मग तिनं माझा हात धरून गळ्याच्या हाडाच्या वर ठेवला. तिथं हरभऱ्याएवढी गाठ होती. "दिवाळीपासनं हाय. पोरगी मोकळी झाली की जाऊ डॉक्टरकडं. तवर कुनाला सांगू नका."

दोन दिवस मी तिच्याशी भांडलो. तिसऱ्या दिवशी पुण्याला नेलं. आजार पुढं गेला होता. औषधं घ्यायला ती तयार झाली, पण मुलीला कळता कामा नये, असा शब्द माझ्याकडून घेतला. मी दिला.

पुण्याहून आल्यावर मी शॉवर जागेवर बसवला. दुसऱ्या सकाळी ती आत गेली, पाणी जोरात सुरू झालं, आणि मला बाहेर बसवेना. दार वाजवलं.

"येऊ का आत?"

बऱ्याच वेळानं कडी निघाली. मी कपड्यांसकट तिच्यामागं उभा राहिलो आणि तिची पाठ चोळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिची पाठ कधी धुतली नव्हती. ती मोठ्यानं रडली. मीही रडलो. त्यानंतर मुलगी यायच्या दिवसापर्यंत रोज तसंच केलं.

मुलगी आली. आम्ही दोघं तिच्यासमोर हसत राहिलो. औषधाच्या गोळ्या ताकदीच्या म्हणून सांगितल्या. मुलीला मुलगी झाली. बायकोनं नातीला तेल लावलं, डाव्या हातानं न्हाऊ घातलं. मग एके सकाळी तिला श्वास घेता येईना. दवाखान्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही.

काही दिवसांतच ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. मुलीनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, तुमाला कधी कळलं?"

मी सगळं सांगितलं.

"म्हंजी मी इथं असताना आई कुठं बसून रडत व्हती?"



"तिनं शब्द घेतला व्हता माझ्याकडून," मी म्हणालो.

"मला तिच्याशी खरं बोलायला किती दिवस मिळाले, पप्पा? अकरा." एवढं बोलून ती उठली. त्या आठवड्यातच बाळाला घेऊन शिनोलीला, सासरी गेली.

फोन येतो. जेवलात का विचारते, बाळाच्या कानाला फोन लावते. राहायला येत नाही.

मागच्या आठवड्यात मीच शिनोलीला गेलो. तिनं चहा केला, नातीला माझ्या मांडीवर दिलं. नात माझ्या शर्टाच्या गुंड्या ओढत होती. निघताना धीर करून म्हणालो, "माझं चुकलं गं."

ती बाळाचं तोंड पुसत होती. वर न बघता म्हणाली, "गाडी चुकंल तुमची." मग पोरीला कडेवर घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आली.