आधी ग्रुप, मग युजर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेत तर नाहीच. आत्ता लिहितानाही खोलीचं दार लावून बसलेय. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मला पकडायला कोण येणार आहे? तरी लावलंय.

मी कामगारांची पत्रकं लिहिते. 'जवाब दो!' असं मोठ्या अक्षरांत लिहायला मला कधीच भीती वाटली नाही. दुसऱ्याकडून जवाब मागायला कसली आलीय भीती?

दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या बायका आपल्या तक्रारी फोनवर बोलून ठेवायच्या. पूनम त्यांच्यातलीच. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून ती रेकॉर्डिंग करायची आणि आमच्या सर्व्हरवर पाठवायची. हे आवाज बाहेर जाणार नाहीत, हा शब्द मी दिला होता. सर्व्हर माझ्याकडे होता. त्यावरच आमची वेबसाइट चालायची, तिचा प्रोग्रामही मीच लिहिलेला.

आता नीट ऐका, कारण माझी चूक इथे आहे. असा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा तो रूट असतो — अख्ख्या मशीनचा मालक. लगेच त्याने ते अधिकार सोडून साधं व्हायचं असतं. चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, दोन ओळखी असतात, युजर आणि ग्रुप. दोन्ही बदलायच्या, पण ग्रुप आधी — एकदा युजर साधा झाला की ग्रुप बदलायचा अधिकारच उरत नाही. मी युजर आधी बदलला. मग ग्रुप बदलायला सिस्टिमने नकार दिला, आणि तो नकार माझ्या प्रोग्रामने तपासलाच नाही. एक ओळ लागली असती! प्रोग्राम वरून साधा दिसत राहिला, ग्रुप मात्र रूटच. आणि रेकॉर्डिंगचं फोल्डर त्या ग्रुपला उघडं होतं. वेबसाइटमध्ये एक फट होती. कंपनीतल्या कुणीतरी ब्राउझरमध्ये त्या फोल्डरचा वाकडा पत्ता टाकून बघितला — आणि माझ्या प्रोग्रामने मुकाट्याने आवाज काढून दिले.

सुपरवायझरने त्या बायकांपैकी सरोजला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःच्या मोबाइलवर तिला तिचाच आवाज ऐकवला. तिची तक्रार त्याच्याबद्दलच होती. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत पाठवलं.

हे कळलं तेव्हा मी चालू प्रोसेस उघडून पाहिली. युजर — साधा. ग्रुप — रूट. दोन ओळींची अदलाबदल केली, तपासणी घातली, फट बुजवली. आणि गप्प बसले. कुणाला घाबरले होते मी? सरोजला? संघटनेला? मला वाटतं, मी दुसऱ्यांबद्दल जसं लिहिते तसं कुणी माझ्याबद्दल लिहील, याला.

संघटनेच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "फोन किसके हाथ में था?"

"पूनम के. सुपरवाइजर भी तो इसी से हँस-हँस के बात करता है."

"हँसता तो वो तुम सब पे है," पूनम म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दीदी, आप बोलो ना. आप तो जानती हो मुझे."

मी म्हणाले, "देखते हैं."

पत्रक काढायचं ठरलं. लिहिणार कोण? मीच. 'भेदिया कौन?', म्हणजे फितूर कोण — हे त्याचं नाव. पूनमचं नाव मी कुठेच घातलं नाही, घालायची गरजच नव्हती. बसमध्ये बायका तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या. मग तिने काम सोडलं आणि पानिपतला बहिणीकडे निघून गेली.

ते माझं सगळ्यात धारदार पत्रक, असं लोक अजून म्हणतात. असेल. त्यातली ओळन् ओळ माझी आहे, आणि ती लिहिताना मला माहीत होतं — पूनमने काहीही केलेलं नाही.