माझ्या बाजूची दोरी

नाव पाण्यात ढकलण्याआधी काका काठावरच शीड चढवायला लावायचे आणि लगेच उतरवायला. एकदा नाही, त्यांचं मन भरेपर्यंत. मी वैतागायचे. "काका, फिरायला आलोय की कवायतीला?"

"शीड तर कोणीपण चढवतं बेटा. टाइमावर उतरलं पाहिजे, बस!"

काका पलासियाच्या एका बँकेतून रिटायर झालेले. इंदूरला समुद्र नाही, याचं दुःख सगळ्या शहरात त्यांना एकट्यालाच. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या घराच्या अंगणात त्यांनी दोन माणसांची शिडाची नाव बांधली आणि गावाबाहेरच्या तलावात सोडली. काकू पाण्याला घाबरायची, म्हणून सोबतीला मी.

पूर्वी शीड उतरवायला हलत्या नावेत उभं राहून डोलकाठीपर्यंत जावं लागे. गेल्या वर्षी काकांनी हे सगळं बदलायलाच घेतलं. शिडाची दोरी कप्पीतून मागे बसायच्या जागेपर्यंत आणली. उतरलेलं शीड अंगावर पसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची झोळी केली. ते अडकू नये म्हणून डोलकाठीच्या खाचेत मेणबत्ती घासली. पण दोरीची खुंटी ठोकली ती माझ्या बाजूला.

"नाव तुमची आणि दोरी माझ्याकडे?"

"माझे हात सुकाणूवर असतात ना. बातें कम, पुन्हा उतरव!"

त्या दिवशी तलावाच्या मध्यावर अचानक वारा उठला. नाव एका अंगावर कलली, पाणी आत आलं. मी ओरडले, "काका, वळवा!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात सुकाणूवरून गळून पडला होता. विचार करायला वेळच नव्हता. हातांनी आपसूक खुंटीवरची दोरी सोडली. शीड सरसर खाली येऊन झोळीत पडलं आणि नाव सरळ झाली. रडत, देवाचं नाव घेत मी वल्हं मारत काठ गाठला.

हॉस्पिटलच्या बाकावर काकूने सांगितलं, "लकव्याचा पहला झटका मागच्या वर्षीच आला होता. तुला सांगू दिलं नाही. म्हणाले, मला काही झालं तर पोरगी पाण्यात अडकायला नको."

असा संताप आला! एवढं कळत होतं तर घरी बसायचं ना! भांडायचं ठरवूनच मी आत गेले.

काकांनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती. "अटकलं तर नाही?"

"नाही काका. एकदम उतरलं."

"मग ठीक," म्हणाले, आणि डावा हात माझ्या हातावर ठेवला. भांडण राहूनच गेलं. सकाळी काका गेले.