सही करण्याआधी

बजाजनगरजवळच्या एका कारखान्यातले सुपरवायझर हमालांकडून ट्रकमध्ये माल भरून घेतात. मी एमबीएच्या मुलांना मालवाहतूक शिकवतो आणि दर उन्हाळ्यात काही मुलं त्यांच्याकडे इंटर्नशिपला पाठवतो. मुलांना ते खुर्ची देत नाहीत, हातमोजे देतात. बोलताना त्यांची नजर माणसावर नसते, ट्रकवर असते. त्यांना तिथं काय दिसतं, याचं मला कायम कुतूहल.

यंदा प्रमाणपत्रं आणायला गेलो. सही करण्याआधी त्यांनी हमालांना बोलावलं आणि एकेका मुलाचं नाव घेऊन विचारलं, "ह्याला परत बोलवायचं का?"

"लई गुणी पोरगं," हमाल म्हणत, की सही होई. आमच्या पहिल्या नंबरच्या मुलाला मात्र हमाल "नाय" म्हणाले. गंगापूरला आधी उतरवायचा माल त्यानं सगळ्यात आत भरला होता. तिथं अर्धा ट्रक रिकामा करावा लागला.

"माल कसा भरायचा, हे वर्गात त्यानं फार छान मांडलं होतं," मी म्हणालो.

"व्हय, इथंबी कागदावर झकास होतं." पहिल्यांदाच सुपरवायझरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, तुम्ही कधी ट्रक भरलाय?"

"नाही."

त्यांनी हातमोज्यांचे दोन जोड टेबलावर ठेवले.

"मग सोमवारी तुम्ही नि त्यो, दोघंबी या."