अराफातवरचं मागणं

कफनाचं कापड विकणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘शेवटचं दुकान’ म्हणायची. आपलं गिऱ्हाईक माप चुकलं म्हणून कधी परत येत नाही, असं तोही हसून सांगायचा. हजहून आला तेव्हा मात्र त्याचं हसू पार आटलं होतं.

बायकोनं चहा पुढे केला. “अहो, अराफातच्या मैदानावर काय मागितलंत?”

तिथं त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत मागितलेलं रिकामं जात नाही, हे तिनंच त्याला निघताना बजावलं होतं.

“सगळ्यांना निरोगी ठेव म्हणणार होतो,” तो म्हणाला. “पण चहूकडे लोक रडत होते, मलाही भरून आलं. हात वर केले आणि रोज शटर उघडताना जे तोंडात येतं तेच बाहेर पडलं. धंद्यात बरकत दे.”

“मग लगेच दुसरं मागायचं की.”

“मागितलं. तोवर सूर्य बुडाला होता.”

दुसऱ्या दिवशी तो दुकानावर गेला, तर दवाखान्याचा माणूस नाकातोंडाला फडकं बांधून पायरीवर बसलेला.

“पांढरे ताके किती आहेत?”

“तुम्हाला किती हवेत?”

“आहेत तेवढे काढा,” तो म्हणाला. “आणि उद्यासाठी मागवून ठेवा.”