ठिपका आधी तिला दिसलेला

कॉलेजच्या सरांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते.

"आपल्या लघुग्रहाला कायमचा नंबर मिळाला! आता नाव आपण सुचवायचं. मी आपल्या संस्थेच्या संस्थापकांचं नाव पाठवतोय, तू फक्त ईमेलवर होकार दे."

'आपल्या' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. तो लघुग्रह माझ्या मैत्रिणीला सापडलेला.

कल्याणच्या कॉलेजात आम्ही दोघी बीएस्सीला. मी डोंबिवलीची, ती ठाण्यातल्या खोपटची, तिचे वडील बस डेपोत मेकॅनिक. लघुग्रह शोधायच्या एका मोहिमेत सरांनी कॉलेजची टीम घातलेली. परदेशातल्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने काढलेले चार फोटो यायचे. ते कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवत बसायचं. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरकला, तर तो मंगळ आणि गुरूच्या मधला दगड असू शकतो. बहुतेक वेळा तो आधीच कुणाला तरी सापडलेला असतो, नाहीतर नुसती फोटोतली खोट.

तासाभरात माझे डोळे चुरचुरायचे. ती मात्र सलग बसायची. त्या दुपारी मी डबा उघडलेला आणि ती म्हणाली, "अगं, हा बघ. हा चालतोय." मला काहीच दिसेना. तिने माझं बोट धरून स्क्रीनवर टेकवलं, तेव्हा कुठे दिसला. मोजमापं तिने घेतली, रिपोर्टही तिनेच पाठवला.

प्राथमिक शोध मान्य झाल्याचं पत्र यायला काही महिने गेले. तोवर तिच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला आणि ती कॉलेज सोडून नोकरीला लागलेली. पत्रात नावं दोनच, सरांचं आणि माझं. शोधणाऱ्यांची यादी सरांनी भरलेली. विचारलं तर म्हणाले, "ती आता येते कुठे? मागाहून टाकू."

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गेटवर माझ्या फोटोचा बॅनर. ती रजा काढून आलेली, शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. मी मान खाली घालून शाल घेतली, माईकवर सरांचे आभार मानले.

त्याला कितीतरी वर्षं झाली. आता फोनवर मी विचारलं, "सर, तिचं नाव?"

"जुनं कशाला उकरतेस? संस्थेचा मान आहे."

"मान? चोरी केली आपण, सर! तुम्ही केली आणि मी गप्प बसले!" मी जिन्यात उभी राहून ओरडत होते. वरच्या मजल्यावरचे लोक वाकून बघायला लागले. सरांनी फोन ठेवला.

शनिवारी मी तिला भेटायला ठाण्यात वागळे इस्टेटला गेले. शीळफाट्याला बस तासभर अडकली आणि सरांना काय काय सुनवायचं ते मी मनात घोळवत राहिले. ती एका वर्कशॉपमध्ये मशीनचे पार्ट तपासते. टपरीवर चहा घेत तिने सगळं ऐकलं.

"नाव कुणाचंही ठेवा. संस्थापकांचं ठेवा, नाहीतर कुत्र्याचं ठेवा. शोधणाऱ्यांत माझं नाव पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सरांचं जाऊ दे. तू का नाही बोललीस? माईक तुझ्या हातात होता."

"घाबरले गं."

"कशाला? शाल काढून घेतली असती?"



तिच्याकडे त्या रिपोर्टची प्रत जुन्या ईमेलमध्ये होती. मोजणी करणाऱ्याच्या जागी तिचं एकटीचं नाव. ती जोडून आम्ही तिथेच बाकड्यावर बसून मोहीमवाल्यांना पत्र लिहिलं. यादी खोटी आहे आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं, हे मीच लिहिलं. पत्राचं कळल्यावर सरांचा शेवटचा मेसेज आला, "संस्थेच्या तोंडाला काळं फासलंस."

तीन महिन्यांनी दुरुस्त पत्र आलं. तिचं नाव पहिलं, माझं दुसरं, सर मार्गदर्शक. संस्थापकांचं नाव तर बसतच नव्हतं. ते राजकारणी होते, आणि तसल्या माणसाला जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात, असा नियम निघाला. मी मोठ्याने हसले, पण राग काही उतरला नाही. हा नियम सरांनी एकदा वाचलासुद्धा नव्हता.

नाव तिने अजून सुचवलेलं नाही. लघुग्रह नुसत्या नंबरावर फिरतोय. परवा मी फोन केला, तर म्हणाली, "शिफ्ट आहे, नंतर करते."

अजून केलेला नाही.